पणजोबांची पलटण कशी शोधावी? खानदेशातील सैनिक पूर्वजांच्या नोंदी

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले होते, एवढे आमच्या घरात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचे कोणालाच नीट सांगता येत नाही. आमचे गाव पारोळा तालुक्यातले, म्हणजे त्या काळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातले. पणजोबा लढाईहून परत आले, त्यांनी शेती केली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ते वारले. आजी सांगायची की ते मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूटच्या वेढ्यात अडकले होते आणि घोड्याचे मांस खायला नको म्हणून त्यांनी कित्येक दिवस अर्धपोटी काढले. ‘मना सासरा बसराले गयथा’ हे तिचे वाक्य माझ्या कानात आजही आहे.

घरात त्यांची दोन पदके आहेत, एक चांदीचे आणि एक पितळेसारखे दिसणारे. कागद मात्र एकही उरलेला नाही, जे होते ते वाळवीने खाल्ले. ते कोणत्या पलटणीत होते, कधी भरती झाले आणि खरोखरच कूटला होते का, हे मला शोधायचे आहे. सुरुवात बेळगावपासून करावी, दिल्लीपासून की थेट लंडनपासून?

सातारा आणि रत्नागिरीच्या फौजी परंपरेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खानदेशातूनही माणसे गेली, पण त्यांचा माग फारसा कोणी काढलेला दिसत नाही, म्हणून हा धागा काढला. ज्यांनी असा शोध घेतला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दूरदेशी

मी मूळचा धुळ्याचा, सध्या लंडनमध्ये असतो. येथील क्यू भागात ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि तेथे पहिल्या महायुद्धातील पदकांची सूचीपत्रे जपलेली आहेत. त्यांत हिंदी सैन्यातील शिपायांचीही पत्रे आहेत. एका पत्रावर नाव, हुद्दा, क्रमांक, पलटण आणि कोणती पदके मिळाली एवढीच माहिती असते, पण आपल्याला तिचीच गरज आहे. ही सूची घरबसल्या शोधता येते आणि पत्राची प्रतही मिळते.

युद्धात मरण पावलेल्या सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी विनामूल्य पाहता येते. पहिल्या युद्धाच्या बाबतीत तिच्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृत्यू धरले आहेत. आपले पणजोबा सुखरूप परतले, त्यामुळे ते त्या यादीत नसणार. बऱ्याच जणांना तेथे नाव सापडत नाही आणि ते तेवढ्यावर शोध सोडून देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. जगून परत आलेल्या शिपायाचा माग काढणे हे पडलेल्या शिपायापेक्षा अवघड असते.

निवृत्त सुभेदार

बोरीकाठ दादा, बेळगाव, दिल्ली आणि लंडन या तिन्ही गोष्टी नंतर पाहू. आधी ती दोन पदके हातात घ्या आणि त्यांची कड वाचा.

त्या काळी सैनिकाला मिळणाऱ्या पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. चांदीचे पदक म्हणजे बहुधा ‘ब्रिटिश वॉर मेडल’. त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्जचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नग्न पुरुष असतो. दुसरे ‘व्हिक्टरी मेडल’ असावे, त्यावर पंख असलेली विजयदेवता असते. कड झिजलेली असली तरी पदकाला चिंच, राख किंवा पितांबरी अजिबात लावू नका. घासल्याने आहेत ती अक्षरेही जातात. अंधाऱ्या खोलीत पदक आडवे धरून एका बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाका आणि पदक थोडे थोडे फिरवत मोबाईलवर जवळून छायाचित्रे घ्या. अक्षरांच्या खळग्यात सावली पडते आणि डोळ्यांना न दिसलेले आकडे छायाचित्रात दिसतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या काळचे क्रमांक पलटणीपुरते असत, त्यामुळे एकच क्रमांक दोन निरनिराळ्या पलटणींत दोन माणसांचा असू शकतो. पलटण ठाऊक नसेल तर नुसत्या क्रमांकावरून काहीही सिद्ध होत नाही.

पांझरा

सुभेदारसाहेबांच्या सांगण्यात एक भर घालतो. पलटणीचा आकडा मिळाला तरी तो कोणत्या सालचा आहे हे पाहावे लागते, कारण मराठा पलटणींचे आकडे दोनदा बदलले आहेत. मुंबई इलाख्याच्या जुन्या सैन्यात ३ री, ५ वी, १० वी, १४ वी, १६ वी आणि १७ वी अशा पलटणी होत्या. १९०३ साली लॉर्ड किचनेरच्या फेररचनेत त्या आकड्यांत शंभर मिळवले गेले, म्हणून १७ वी झाली ११७ वी आणि ५ वी झाली १०५ वी. पुढे १९२२ साली या सर्वांची मिळून ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. त्यात १०३ वी पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी प्रशिक्षणाची बटालियन. आज ज्यांना आपण ‘जंगी पलटण’ आणि ‘काली पांचवी’ म्हणतो, त्या अनुक्रमे जुन्या १०३ आणि १०५.

आता कूटविषयी. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला जनरल टाउनशेंडसह ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी आत होत्या. घोड्याच्या मांसाची हकीकत खरी आहे. धर्म जाईल या भीतीने हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि त्यांची प्रकृती फार खालावली, हे युद्धाच्या इतिहासात नोंदलेले आहे. आपल्या आजींना हा तपशील ठाऊक होता, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

पण त्याच वेळी एक शंका मांडतो. १९१५ सालच्या अखेरीपर्यंत जे सैनिक परदेशातील रणभूमीवर पोहोचले, त्यांना ‘१९१४-१५ स्टार’ हे तिसरे पदक मिळण्याचा हक्क होता. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला असल्यामुळे जो आत होता, तो या पदकाचा हक्कदार असणारच. आपल्याकडे दोनच पदके आहेत. याचा सरळ अर्थ ते १९१६ साली किंवा त्यानंतर गेले, असा होऊ शकतो.

गिरणामाई

पांझराभाऊ, तुमचा तर्क शुद्ध आहे, तरीही त्यावरून लगेच निर्णय देऊ नये असे मला वाटते. शंभर वर्षे एखादी वस्तू शेतकऱ्याच्या घरात राहते तेव्हा तिच्या वाटेला काय काय येते, याचा विचार करायला हवा. पोरे खेळायला नेतात, वाटण्या होतात तेव्हा एक पदक एका भावाकडे आणि दुसरे दुसऱ्याकडे जाते, दुष्काळात सोनाराकडे काय गेले ते कोणी लिहून ठेवत नाही. आमच्या घरातील तीन पदकांपैकी एक चुलत आजोबांच्या नातवाकडे चाळीसगावला सापडले. ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवले होते आणि ते कशाचे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. बोरीकाठ दादांनी आधी भाऊबंदांची घरे पाहावीत.

दुसरे असे, की घरातल्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टींना आपण फार लवकर दंतकथा ठरवतो. आजींना पंचम जॉर्ज माहीत नसेल, पण सासऱ्याने जेवताना काय सांगितले ते त्यांनी ऐकले होते. कागदाची साक्ष जरूर घ्यावी, पण कागद सापडेपर्यंत तोंडची साक्ष खोटी धरू नये.

पांझरा

गिरणामाई, आपला मुद्दा मान्य. खोटी धरू नये हे खरेच, पण सिद्ध झाली असेही धरू नये. मेसोपोटेमियातून परतलेल्या प्रत्येक शिपायाने कूटच्या हकीकती ऐकल्या असणार, कारण तीन मराठा पलटणी तेथे पकडल्या गेल्या होत्या. ऐकलेले आणि भोगलेले यांची पुढच्या पिढीत सरमिसळ होते. म्हणूनच क्यूमधील सूचीपत्र महत्त्वाचे आहे. पदक हरवले असले तरी ते दिले गेल्याची नोंद तेथे असू शकते.

जुनी दप्तरे

मी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये बरीच वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे वेगळ्या बाजूने सांगतो. लोक बेळगाव आणि लंडनला पत्रे धाडतात, पण गावच्या आणि तालुक्याच्या दप्तरात शिपायाची जी पाऊलखूण असते ती पाहत नाहीत.

पहिली नोंद कोतवाल बुकात शोधावी. गावची जन्ममृत्यूची ही जुनी नोंदवही आता तहसीलच्या रेकॉर्डमध्ये असते आणि अर्ज केल्यावर नक्कल मिळते. तिच्यातून पणजोबांच्या मृत्यूची तारीख आणि वय मिळेल, वयावरून जन्माचे साल काढता येईल आणि भरतीचे साल कोणत्या काळात शोधायचे ते ठरेल. मुलांच्या जन्मतारखाही पाहाव्यात. एखाद्या घरात दर दोन-अडीच वर्षांनी मूल जन्मते आणि मध्येच पाच-सहा वर्षे एकही नोंद नसते, तेव्हा घरचा कर्ता पुरुष कोठे होता याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी नोंद फेरफाराची. पणजोबांच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लागली तेव्हाचा फेरफार काढा. आता जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावरही स्कॅन करून ठेवलेले आहेत, तेथे आपला तालुका आणि गाव निवडून पाहावे. काही शिपायांना युद्धानंतर ‘जंगी इनाम’ मिळाले होते, ते प्रामुख्याने रोख भत्त्याच्या स्वरूपाचे असे, त्याचा मागमूस जमिनीच्या कागदात नसला तरी निवृत्तिवेतनाच्या कागदात असू शकतो.

तिसरी नोंद शाळेची, आणि ही बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपले आजोबा ज्या शाळेत शिकले, तिच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागवा. जुन्या रजिस्टरात पालकाचा धंदा लिहिण्याचा रकाना असे. त्यात ‘शेती’ लिहिले आहे, ‘पलटणीत नोकरी’ लिहिले आहे की ‘पेन्शनर’, यावरून बराच उलगडा होतो.

जुने कागद मोडीत असतील. ते वाचून घेण्यासाठी आपल्याकडे मोडीचे जाणकार अजून आहेत. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, तेथे चौकशी करावी.

आणि आडनावाचे पाहा. आपल्या भागात गावेच्या गावे ‘पाटील’ लावतात, पण पलटणीत भरती होताना पुष्कळांनी कुळाचे आडनाव सांगितले. आज पाटील असलेल्यांचे पणजोबा लष्करी कागदात पवार, साळुंखे, बोरसे, निकम किंवा सूर्यवंशी म्हणून सापडतात. कडेवर आपले आडनाव दिसले नाही तर पदक दुसऱ्याचे आहे असे समजू नका.

दूरदेशी

‘जुनी दप्तरे’ नानांचा आडनावाचा मुद्दा येथे बसून शोधणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. गावांच्या नावांचेही तसेच आहे. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले स्पेलिंग प्रत्येक वेळी वेगळे असते. धुळ्याचे ‘धुलिया’ तर छापील कागदांतही सर्वत्र आहे. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे त्याआधीच्या कागदात नुसते ‘खानदेश’ आणि नंतरच्या कागदात ‘ईस्ट’ किंवा ‘वेस्ट खानदेश’ असे शोधावे. ‘जळगाव जिल्हा’ असा शोध घेतल्यास काहीही हाती लागणार नाही. नंदुरबारकरांनी पश्चिम खानदेशात पाहावे, त्यांचा जिल्हा तर १९९८ साली झाला.

अमळनेरची लेक

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. माझ्या आजोबांचे थोरले बंधू दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली इटलीत पडले. घरी तार आली होती एवढेच आम्ही ऐकून होतो. कुठे पडले, अंत्यसंस्कार झाले की नाही, हे थोरल्या आजींना कोणी सांगितले नाही. त्या पोस्टातून पेन्शन घेत राहिल्या. पैसे मोजून घेताना डाव्या अंगठ्याला शाई लावून घ्यायच्या आणि घरी आल्यावर ती शाई लगेच पुसत नसत. मी लहानपणी ते पाहिले आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या यादीत मला ते सापडले. इटलीत सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीत ज्या हिंदी सैनिकांचे दहन झाले त्यांच्यासाठी वेगळे स्मारक आहे आणि त्यावर पाचशेहून अधिक नावे आहेत. त्यांपैकी एक आमचे. नोंदीत वडिलांचे नाव होते, गाव होते, ‘ईस्ट खानदेश’ होते आणि ‘अमुक यांचे पती’ असे म्हणून थोरल्या आजींचे नाव होते. त्यांचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठेही छापलेले मी पाहिले नव्हते. थोरल्या आजोबांचे दहन झाले होते, विधी झाला होता, हे आजींना जिवंतपणी कळले असते तर किती बरे झाले असते.

म्हणून माझी विनंती अशी, की ज्यांच्या घरात अजून कोणी वृद्ध विधवा किंवा मुलगी हयात आहे, त्यांनी हा शोध पुढे ढकलू नये.

निवृत्त सुभेदार

ताई, आपल्या थोरल्या आजोबांना आणि आजींना माझा नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धाचे निघालेच आहे तर दोन गोष्टी सांगतो. दुसऱ्या युद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव आणि क्रमांक घातलेले आहेत, त्यामुळे कड वाचण्याचा सल्ला तेथेही लागू आहे. शिवाय त्या युद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन मासिक अनुदान देते. त्यासाठी केलेल्या अर्जांसोबत डिस्चार्जचे कागद जोडलेले असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत अशा प्रकरणांची चौकशी करता येते. पहिल्या युद्धाचे मात्र तेथे क्वचितच काही मिळेल.

आता बेळगावविषयी. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय तेथे आहे. ज्यांना निवृत्तिवेतन लागू झाले नव्हते त्यांची सेवापत्रके पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे, त्यामुळे ‘कागद उपलब्ध नाहीत’ असे उत्तर येण्याची तयारी ठेवावी. पण पत्र लिहिताना ‘लाँग रोल’मध्ये नोंद आहे का, असे स्पष्ट विचारावे. हे पलटणीचे मोठे नोंदपुस्तक असते आणि ते सेवापत्रकांपेक्षा दीर्घकाळ ठेवले जाते. नुसती ‘सर्व माहिती द्या’ अशी मागणी केली तर कारकुनाला कोठे पाहावे ते कळत नाही.

भुसावळकर

मराठा पलटणींविषयी बरेच लिहिले गेले. माझे खापरपणजोबा १११ व्या महार पलटणीत होते, त्यामुळे माझा मार्ग वेगळा होता. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ज्यांच्या वाडवडिलांनी कोरेगावला १८१८ साली रक्त सांडले, त्यांना लढाऊ जात नाही असे सांगण्यात आले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली होती. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला स्थापन झाली, तिचे केंद्र आता सागरला आहे. मधल्या वीस वर्षांत पलटणच नव्हती. मोडलेल्या पलटणीचे कागद थेट वारसाने पुढे जात नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांना सागरला काही मिळेल अशी आशा कमी.

मला उपयोग झाला तो ‘इंडियन आर्मी लिस्ट’चा. या छापील याद्यांचे बरेच खंड आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यात प्रत्येक पलटणीखाली सुभेदार आणि जमादार यांची नावे आणि हुद्द्याची तारीख असते. शिपाई, नाईक, हवालदार यांची नावे नसतात. आमचे खापरपणजोबा जमादार झाले होते म्हणून सापडले. पूर्वज सुभेदार किंवा जमादार होते असे घरात सांगत असतील, तर ही यादी सर्वांत आधी पाहावी.

सातपुडा

खानदेशचा धागा आहे आणि भिल्ल पलटणीचे नावही निघू नये, हे बरे वाटत नाही. १८२५ साली धरणगावला लेफ्टनंट जेम्स आउट्रमने खानदेश भिल्ल कोअर उभारली. आमच्या घराण्यातील एक पुरुष तिच्यात नाईक होते असे आम्ही मानतो.

पांझरा

सातपुडा भाऊ, भिल्ल कोअर पुढे पोलिसांत विलीन झाली. तिच्या नोंदी लष्करी अभिलेखांत शोधून उपयोग नाही, म्हणून या धाग्यात तिचा विचार वेगळा करावा असे मला वाटते.

सातपुडा

ती पुढे पोलिसांत गेली हे मला ठाऊक आहे, पण त्यामुळे त्या माणसांची सैनिकी चाकरी कमी ठरत नाही. त्यांना गणवेश होता, कवायत होती, बंदूक होती आणि कुटुंबापासून दूर राहावे लागत होते. आपल्या मुलखात पलटणीची पहिली वाट याच लोकांनी तुडवली. शिवाय १८५७-५८ च्या काळात सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठला, तेव्हा एकाच समाजातील काही माणसे सरकारी चाकरीत आणि काही सातपुड्यात, अशी वेळ आली. त्या घराण्यांच्या वंशजांना आपला पूर्वज कोणत्या बाजूला होता हे शोधायचे असेल, तर त्यांना जागा दाखवायला नको का?

ज्यांना हवे असेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. तेथे जुन्या राजकीय आणि न्याय विभागांचे खंड आहेत. खानदेशच्या कलेक्टरांचा आणि भिल्ल एजंटांचा पत्रव्यवहार त्यांत शोधावा. शिपायांची नावे सर्वत्र नसतात, पण बक्षीस, शिक्षा आणि जखमींच्या प्रकरणांत ती येतात. १८८० साली छापलेला खानदेशचा गॅझेटिअर आधी वाचून गेल्यास कोणत्या सालचा खंड मागायचा ते समजते.

गिरणामाई

सातपुडा भाऊंचे म्हणणे मला पूर्ण पटते. हा धागा खानदेशातील सैनिक पूर्वजांचा आहे आणि ते त्यात बसतातच.

तापीपल्याड

एक सावधगिरीची सूचना. वंशावळ आणि सैन्यनोंदी शोधून देणारी काही सशुल्क संकेतस्थळे आहेत. एका ठिकाणी मी वर्षाची वर्गणी भरली. ‘हिंदी सैन्याच्या लाखो नोंदी’ असे तेथे लिहिले होते, प्रत्यक्षात बहुतेक सर्व गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निघाल्या. पैसे भरण्यापूर्वी तेथे एखाद्या शिपायाचे नाव विनामूल्य शोधून दाखवता येते का, ते पाहावे.

तसेच लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदींची बातमी २०२१ साली बरीच गाजली होती आणि खानदेशातल्या पुष्कळांनी तेथे धाव घेतली. त्या नोंदी पंजाब प्रांताच्या आहेत. आपल्याकडील माणसांसाठी त्यांचा उपयोग नाही.

बोरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढी माहिती एका जागी मिळेल असे वाटले नव्हते.

सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतली. दोन्ही पदकांवर एकच चार अंकी क्रमांक आहे, पुढे ‘सिपॉय’, पुढे पणजोबांचे नाव, आडनाव आमच्या कुळाचे (नानांनी सांगितले तसेच, पाटील नाही) आणि शेवटी ‘११७ मराठाज’. म्हणजे पलटण निश्चित झाली, आणि ती वेढ्यात असलेल्या तिघींपैकी एक आहे.

शाळेचा उताराही मिळाला. आजोबांच्या नावापुढे पालकाच्या धंद्याच्या रकान्यात ‘शेती व मिलिटरी पेन्शन’ असे लिहिले आहे. आमच्या घरात पेन्शनचा उल्लेख कधीच कोणी केला नव्हता. भाऊबंदांकडे विचारणा सुरू आहे, तिसरे पदक अजून सापडलेले नाही.

निवृत्त सुभेदार

दादा, ‘पेन्शन’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. फक्त युद्धकाळासाठी भरती होऊन तीन-चार वर्षांत घरी आलेल्या धडधाकट शिपायाला निवृत्तिवेतन मिळत नसे. म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट असली पाहिजे. एकतर त्यांची चाकरी दीर्घ होती, म्हणजे ते युद्धाच्या आधीपासून पलटणीत होते, किंवा ते जखमी अथवा आजारी होऊन अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर सुटले. पहिली शक्यता खरी असेल तर आजींच्या हकीकतीला मोठा आधार मिळतो, कारण ११७ वी पलटण सोळाव्या ब्रिगेडबरोबर नोव्हेंबर १९१४ मध्येच मेसोपोटेमियाच्या किनाऱ्यावर फाव येथे उतरली होती.

पांझरा

सुभेदारसाहेबांशी सहमत आहे आणि माझी आधीची शंका आता बरीच सौम्य करतो. तरी दुसरी शक्यता उरते. शरणागतीनंतर ११७ वी पलटण नव्याने भरली गेली, तिच्यात १९१६ नंतर दाखल होऊन जखमी झालेला शिपाईही याच वर्णनात बसतो. ते कूटला पकडले गेले असतील तर पुढे तुर्कांच्या कैदेत होते. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास अल ऐन येथे रेल्वेच्या कामाला लावले होते. जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या युद्धातील कैद्यांच्या नोंदी इंटरनेटवर ठेवल्या आहेत, तेथे पलटणीच्या नावाने पाहावे. कैदेची हकीकत घरात कोणी सांगत असे का?

बोरीकाठ

कैद असे कोणी म्हणत नसे. पण थोरले काका सांगतात की पणजोबा ‘तुर्कांच्या मुलखात रूळ टाकत होते’. आम्ही समजत होतो की ते तेथे रेल्वेत नोकरीला होते.

जुनी दप्तरे

थोरल्या काकांचे वय काय आहे? त्यांना आठवते ते सर्व आजच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. बाकीचे कागद कुठे जात नाहीत.

दूरदेशी

रुळांचा उल्लेख वाचून मला राहवले नाही. दादा, क्रमांक आणि कडेवरचे स्पेलिंग जसेच्या तसे मला खासगी निरोपातून पाठवा, एकही अक्षर सुधारू नका. सूचीत मी ते आडनाव वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधतो आणि ‘१९१४-१५ स्टार’चा उल्लेख आहे का ते पाहतो. पलटणीच्या मेसोपोटेमियातील युद्धदैनंदिन्याही येथेच आहेत, पण त्यांत शिपायांची नावे सहसा नसतात, म्हणून आधी सूचीपत्र.

बोरीकाठ

निरोप पाठवला आहे, छायाचित्रांसह. काकांकडे उद्या सकाळी जातो आहे. बेळगावच्या पत्राचा मसुदा तयार केला आहे, त्यात क्रमांक, पलटण, १९२२ नंतरचे तिचे नाव आणि ‘लाँग रोल’ची विचारणा घातली आहे. सुभेदारसाहेब, पाठवण्यापूर्वी आपण एकदा नजर टाकाल का?

निवृत्त सुभेदार

अवश्य. पाठवा. वारस असल्याचा पुरावा म्हणून कोतवाल बुकाची नक्कल आणि वारसांचा फेरफार जोडा, आणि ‘जवळचे रेल्वे स्थानक’ लिहायला विसरू नका. भरतीच्या कागदात गाव, तालुका, पोस्ट यांबरोबर ते हमखास लिहिलेले असे, आणि एकाच नावाच्या दोन माणसांत भेद करायला त्याचाच उपयोग होतो. आपल्या गावासाठी ते अमळनेर असेल की पाचोरा, हे काकांना विचारून घ्या.